गुरुवारचा माल

आबांच्या टेबलाजवळ जायचं तर चपला काढून जावं लागे. देवळाबाहेर काढतात तशा नव्हेत, कारण आबांचं देवाशी फारसं सख्य नव्हतं. फरशीवर टाच आपटली की टेबलावरचा वायरलेस सेट बिथरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी मी नव्या कोऱ्या सँडल घालून गेले होते, चांगल्या उंच टाचेच्या. डिप्लोमा झाल्यावरची पहिली नोकरी, म्हणून आईनं हौसेनं घेऊन दिलेल्या. आबा हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "कोन घोडं आलंय?"

"मी नवीन ट्रेनी इन्स्पेक्टर," मी म्हणाले.

"मग पायातलं काढ आन् ये. न्हाईतर तिथंच उभी ऱ्हा."

मी तिथंच उभी राहिले. माझ्या आजोबांना गावातल्या काही आळ्यांतून वहाणा हातात घेऊन चालावं लागे. ते गाव सोडून वडील पिंपरीत फिटर म्हणून लागले, आम्ही संत तुकाराम नगरात राहायला आलो, विहारात जायला लागलो, मी शिकले. त्यामुळे 'पायातलं काढ' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं. मी म्हणाले, "का काढू ते आधी सांगा."

आता मात्र आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, सँडलकडे बघितलं आणि हेडफोन काढून वायर ताणत माझ्यापुढे धरला. "कानाला लाव. आता जागच्या जागी टाच आपट."

हेडफोनमध्ये एक बारीक शिट्टी चालू होती, अगदी सरळ. मी टाच आपटली. शिट्टी थरथरली आणि परत सरळ झाली. मी पुन्हा आपटली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात आबा म्हणाले, "झालं का समाधान? आता काढायच्या का न्हाई ते तुजं तू ठरीव."

मी काढल्या. दाराबाहेर ठेवायला गेले तर तिथे आमच्या साहेबांचे पॉलिश केलेले बूट आधीपासून होते. साहेब स्वतः आत कोपऱ्यात मोज्यांवर उभे राहून मुकाट्यानं फाइल चाळत होते. तेव्हापासून त्या टेबलाशी माझी कधी तक्रार राहिली नाही. तिथे सगळ्यांनाच अनवाणी यावं लागे आणि आबा तर घरून निघतानाच अनवाणी निघत.

हा सगळा प्रकार भोसरीच्या एका कारखान्यात चालायचा. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही वायरलेसचे सेट बनवायचो. आबा टेस्टिंगचे सीनियर इन्स्पेक्टर होते. रहाटणीच्या जुन्या घरातला माणूस, तरुणपणी फौजेत सिग्नलमध्ये गेलेला. बासष्ट साली बर्फात पाठीवर सेट घेऊन फिरले होते. तिथे एकदा एका आकड्याची चूक झाली, एवढंच ते सांगत. कुणाची चूक, पुढे काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती. आकडा चुकीचा आला की मात्र त्यांचा चेहरा असा होई की कँटीनचा पोऱ्यासुद्धा चहा न ठेवता परत जाई.

त्यांचं मुख्य काम ऑसिलेटर तपासायचं. प्रत्येक सेटच्या पोटात हा ऑसिलेटर असतो आणि त्यात एक क्रिस्टल, म्हणजे स्फटिकाचा तुकडा, असतो. तो एका ठरावीक गतीनं थरारत राहतो आणि त्याच्या तालावर सगळा सेट चालतो. कारखान्यात त्यासाठी परदेशी मीटर होते. आबा ते वापरत, पण मीटरनं पास केलेला क्रिस्टल पुन्हा कानानं ऐकत. स्वतः निवडून ठेवलेला एक शांत ऑसिलेटर त्यांनी नमद्यात, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड तुकड्यात, गुंडाळून खणात ठेवला होता. नवा ऑसिलेटर त्याच्याशी जोडायचा, दोघांच्या फरकातून शिट्टी निघते ती ऐकायची, आणि सेटवर खडूनं शेरा लिहायचा. 'गडी शांत हाय.' 'ह्याला दम लागतो.' 'बावचळलाय, घरी पाठवा.' गिऱ्हाइकाच्या मालावर खडूनं लिहायला साहेबांनी बंदी केली, तेव्हा आबांनी तेच शेरे इन्स्पेक्शन रजिस्टरात शाईनं लिहायला सुरुवात केली. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, त्यामुळे ते तिथे कायमचे राहिले.

डोक्यावरचा पंखा त्यांनी पहिल्याच वर्षी उतरवून स्टोअरमध्ये जमा केला होता आणि पावती खिशात ठेवली होती. वैशाखात त्या खोलीत आमची भाजी व्हायची. एकदा युनियनचे लोक पंख्यासाठी भांडायला आले. आबांनी त्यांना बसवलं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावला, टेबलफॅन आणून चालू-बंद करून दाखवला. युनियनचे लोक पंखा न मागता परत गेले. जाताना त्यातला एकजण मला म्हणाला, "ताई, ह्यांच्याशी भांडण म्हणजे शिकवणीच की राव."

आता जी गोष्ट घडली ती कळण्यापुरतं थोडं आमच्या कामाचं सांगते. आधी आमचे सेट बोलण्याचे होते. बोलण्यात थोडी खरखर असली तरी माणसाचा कान ती गाळून टाकतो. मग एक नवी ऑर्डर आली. नदीच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी मोजायची आणि ती आकड्यांत वायरलेसनं खाली पंपघरांत कळवायची, म्हणजे पूर आधीच कळेल. पंपघरांत बसणारे छत्तीस रिसीव्हर आम्ही द्यायचे होते. ह्या नव्या पद्धतीत आकडे पाठवायचे ते लहरीच्या फेजमधून. घड्याळाचा काटा बारावर, तीनवर, सहावर किंवा नवावर ठेवावा, तसं पाठवणारा लहरीला चारपैकी एका जागी ठेवतो. रिसीव्हर आपल्या पोटातल्या ऑसिलेटरशी ती ताडून बघतो आणि काटा कुठे आहे ते ओळखतो. आता रिसीव्हरचा स्वतःचाच ऑसिलेटर डळमळत असेल, तर बाराचे तीन वाचले जाणार. साहेब ह्याला फेज नॉइज म्हणत. आबा थरथर म्हणत.

पहिला सेट तयार झाला आणि चुका यायला लागल्या. चुका मोजायला एक काउंटर होता, लाल आकड्यांचा. साहेबांना वाटलं सिग्नल कमी पडतोय. त्यांनी सिग्नल वाढवला, चुका तेवढ्याच. दुप्पट केला, तेवढ्याच. साहेब दिवसभर बटणं फिरवत होते आणि आबा स्टुलावर बसून भाकरी खात होते. शेवटी मीच आबांना विचारलं, "सिग्नल एवढा जोरात आहे, तरी चुका का?"

"पिंपरीच्या बाजारात कापड घ्यायला गेली हाईस कधी?"

"गेलेय की."

"कापडवाल्यानं कापड चांगलं ताणून धरलंय. पन त्याचा मापायचा हात थरथर कापतोय. मग तू कापड आनखी जोरात ताणून काय व्हनार? माप चुकनारच. हात कापतोय तो आपल्या घरचा हाय. त्याला धरा आदी."

साहेबांनी ते ऐकलं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी बटणं सोडली आणि चुका कधी येतात ते बघत उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांना कारण सापडलं आणि ते खूश झाले. रस्त्यापलीकडे फोर्जिंगचा कारखाना होता. तिथला मोठा हॅमर लोखंडावर पडला की आमच्या कँटीनच्या कपातला चहा हलायचा. हॅमर पडला की काउंटर पुढे सरके. हॅमर थांबला की काउंटर थांबे. क्रिस्टलला तो हादरा बसत होता आणि ऑसिलेटर तेवढ्यापुरता डगमगत होता.

त्या काळात विजेच्या टंचाईमुळे प्रत्येक कारखान्याची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी असे. आमची रविवारी, फोर्जिंगची गुरुवारी. साहेबांनी ठरवलं की ह्या सेटची शेवटची टेस्ट फक्त गुरुवारी घ्यायची. गुरुवारी घेतली. एकही चूक नाही. सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे लपवत नाही. आमच्याकडे तेव्हापासून 'गुरुवारचा माल' असा शब्दच पडला. पॅकिंगची मुलंसुद्धा अभिमानानं म्हणत, भाऊ, हा गुरुवारचा माल आहे, एकदम टंच. शेजारच्या हॅमरचा दोष सेटला कशाला लावायचा, हे आम्हा सगळ्यांना बरोबर वाटत होतं.

आबांना वाटत नव्हतं. ऑर्डरच्या कागदांची शेवटची पानं आमच्या कारखान्यात फक्त आबा वाचत. त्या पानांत पंपघराचा नकाशा होता. आमचा सेट जिथे बसणार ती खोली पंपाच्या हॉलला लागून होती, भिंतीला भिंत. आबांनी नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, पंपाला गुरुवार असतोय का?"

साहेब म्हणाले, "पंप म्हणजे हॅमर नव्हे. एवढं काही होत नाही. शिवाय कराराच्या टेस्टमध्ये हादऱ्याचा उल्लेखच नाही. डिस्पॅच ह्या महिन्यात गेलाच पाहिजे. येत्या गुरुवारी ग्राहकाचे अधिकारी येतायत. तुम्ही फक्त शिक्का मारा."

प्रत्येक इन्स्पेक्टरचा पितळेचा गोल शिक्का असे, त्यावर त्याचा नंबर. सेटच्या चिठ्ठीवर 'पास' किंवा 'नापास' लिहून तो उमटवला की निकाल पक्का. आबा म्हणाले, "माझ्या शिक्क्याचा गुरुवारी उपास असतोय."

खोलीत हसू पिकलं, पण साहेब हसले नाहीत आणि आबाही हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आबांच्या हातात पत्र पडलं. त्यांची बदली स्टोअरमध्ये, लोखंडी सामान मोजायला. टेस्टिंगच्या खोलीत पाऊल टाकायची मनाई. आबांनी पत्र वाचलं, सॅल्यूट ठोकला, नमद्यातला ऑसिलेटर काखेत मारला आणि शेजारच्या स्टोअरमध्ये जाऊन स्टुलावर बसले. आमच्या आणि त्यांच्या मध्ये एकच भिंत होती.

त्याच दुपारी साहेबांनी मला बोलावलं. नवा पितळी शिक्का पुढे केला. सतरा नंबर. "गुरुवारी तुम्ही इन्स्पेक्टर म्हणून उभ्या राहा. तुमचं कायम करण्याचं पत्र टाइप करून तयार आहे. डिस्पॅच झालं की सही करतो." त्यांनी फाइल उघडून ते दाखवलंसुद्धा. माझं नाव, हुद्दा, खाली सहीची मोकळी जागा.

कायम होणं म्हणजे काय, हे आमच्या घरी समजावून सांगावं लागत नव्हतं. वडील सहा वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असलं तर आत जायचं. ते कायम झाले त्या दिवशी आई शेजारणीच्या गळ्यात पडून रडली होती. शिवाय त्या कारखान्यात टेस्टिंगला एकही बाई कायम नव्हती. असेंब्लीच्या मुली येता-जाता माझ्याकडे बघून हसत, आणि त्या हसण्यात आमच्यातली एक तरी तिथे बसली, असा भाव असे.

वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माल खराब आहे का?"

"गुरुवारी चांगला आहे."

"हे काय उत्तर झालं? मी केलेलं फिटिंग गुरुवारी घट्ट आणि शुक्रवारी सैल असं असतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण पत्र येऊ दे आधी. मग काय भांडायचं ते भांड. कायम माणसाला भांडता येतं."

मी आबांकडेही गेले. ते बोल्ट मोजत होते. मला वाटलं होतं, ते सांगतील असं कर, तसं कर. ते म्हणाले, "मला इचारू नगंस. शिक्का तुज्या हातात हाय."

"तुम्हीच तर हे सगळं डोक्यात भरवलंत."

"मी सेटचं सांगितलं. तुज्या नोकरीचं मी कोन सांगनार? मला पेन्शन हाय फौजेची. तुला काय हाय?" आणि पुन्हा बोल्ट मोजायला लागले. मला त्यांचा असा राग आला की तो पुढचे दोन दिवस उतरला नाही.

गुरुवार उजाडला. रस्त्यापलीकडे सगळं शांत. ग्राहकाचे अधिकारी आले, वयस्कर, सौम्य, चष्मा पुसत बोलणारे. बूट त्यांनी न सांगता काढले, बहुधा रांगेत बाकीचे दिसले म्हणून. पहिला सेट चालू केला. काउंटरवर शून्य. पाच मिनिटं झाली, शून्य. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. धप्प. काउंटरवर चार.

अधिकारी म्हणाले, "हे काय?"

"शेजारी स्टोअर आहे. काहीतरी पडलं असेल," साहेब म्हणाले.

धप्प. नऊ. धप्प. तेरा. पडणारी वस्तू अशी ठरावीक अंतरानं पडत नाही. मला त्या तालावरून लगेच कळलं. आबा एरवी दुपारी कंपाउंडच्या भिंतीशी उभे राहून भाकरी खाताना त्या हॅमरचे ठोके मोजत आणि आता तोच ताल त्यांनी स्टोअरमध्ये धरला होता. टेस्टिंगमध्ये पाऊल टाकायची त्यांना मनाई होती आणि पाऊल त्यांनी टाकलेलं नव्हतं. साहेबांनी वॉचमनला पिटाळलं. "त्यांना सांग, साहेबांचा हुकूम आहे, बंद करा."

आवाज बंद झाला. साहेबांनी काउंटर पुन्हा शून्यावर आणला आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं आम्ही चौघं-पाचजण त्या काउंटरकडे बघत उभे होतो. शून्य. साहेबांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या काखेत तीच फाइल होती.

खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पूर नव्हता, पंपघर नव्हतं. ते पत्र होतं. आणि राग होता. साहेबांचा, आबांचा, माझाही. मला शिक्का दिला तो मी हुशार आहे म्हणून नव्हे, मी मुकाट्यानं मारीन म्हणून. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि ते मला काही केल्या गिळवत नव्हतं.

मी अधिकाऱ्यांना विचारलं, "सर, हा सेट बसेल तेव्हा शेजारचे पंप चालू असतील की बंद?"

ते म्हणाले, "चालूच असतात. पुराच्या दिवसांत तर सगळे."

"मग आपण इथे सगळं बंद ठेवून काय मोजतोय?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे तुमचं काम नाही. तुम्ही शिक्का मारा."

"साहेब, हेच माझं काम आहे. शिक्का माझ्या नंबराचा आहे." मग मी भिंतीशी गेले, हातानं दोनदा थापटली आणि ओरडले, "आबा, टेस्ट चालू आहे. परत सुरू करा."

मग धप्प. अधिकारी काउंटरवर वाकले. त्यांनी खिशातून वही काढली आणि प्रत्येक ठोक्याला वाढलेला आकडा लिहून घ्यायला लागले. वीस ठोके लिहिल्यावर वही मिटून साहेबांना म्हणाले, "हा माल मला नेता येणार नाही." छत्तीस चिठ्ठ्यांवर 'नापास' लिहून मी छत्तीस शिक्के मारले. साहेब फाइल घेऊन निघून गेले, बूट हातातच घेऊन.

संध्याकाळी आबांना विचारलं, "वॉचमन आल्यावर गप्प का बसलात?"

"साहेबाचा हुकूम व्हता, थांबलो. मग इन्स्पेक्टरचा हुकूम आला, चालू केलं." हातातला मणभराचा लोखंडी ठोकळा खाली ठेवून कंबर दाबत म्हणाले, "जरा लवकर बोलली असतीस तर बरं झालं असतं. माजं वय बग."

पुढचे तीन महिने कागदोपत्री आबा स्टोअरमध्येच राहिले आणि काम मात्र आमच्याकडे करत होते. छत्तीस सेट उघडले. प्रत्येक क्रिस्टल कानानं निवडला, बिथरणारे बाजूला काढले, चांगले नमद्यात बसवले, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. एका सेटपायी आबा आणि मी चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. मी म्हणत होते पास, ते म्हणत होते दम लागतो. शेवटी त्यांचंच खरं निघालं. मग एका शुक्रवारी, पलीकडे हॅमर भर जोरात चालू असताना, तेच अधिकारी पुन्हा आले. दिवसभर काउंटर शून्यावर बसून राहिला. छत्तीस चिठ्ठ्यांवर सतरा नंबर उमटला. साहेबांनीही माझ्याशी हात मिळवला.

माझं पत्र मात्र आलं नाही. ट्रेनी म्हणून माझी मुदत संपली त्या दिवशी दुसरंच पत्र आलं, की आपल्या सेवेची कंपनीला आवश्यकता नाही. आबा त्या सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलासमोर सावधान उभे राहिले. साहेबांनी विचारलं, काय हवंय. "काय न्हाई. बघतोय तुमाला," आबा म्हणाले, आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तसेच बघत उभे राहिले. साहेबांनी एकदाही मान वर केली नाही म्हणे. पत्रही बदललं नाही.

जाणाऱ्या माणसानं हत्यारं, बिल्ला, शिक्का सगळं स्टोअरमध्ये जमा करायचं आणि पावती घेऊन गेटबाहेर पडायचं, अशी रीत होती. मी शिक्का आबांच्या पुढे ठेवला. त्यांनी उचलला, अंगठ्यानं त्यावरची शाई पुसली.

"उद्या हे कोनाला देतील?" त्यांनी विचारलं.

"नवीन ट्रेनी येईल त्याला."

"आन् त्यो गुरुवारी मारील. आन् कागदावर सतरा उमटंल. छत्तीस सेटवर बी सतराच हाय. मानूस कोन ते कुनाला कळनार हाय?"

आबांनी शिक्का फरशीवर उभा ठेवला, तो लोखंडी ठोकळा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्यावर टाकला. भिंतीपलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, टेस्ट चालू आहे. आबांनी ठोकळा पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. पितळेचा चपटा गोळा झाला. त्यावर आता कुठलाच आकडा वाचता येत नव्हता.

मग ते स्टुलावर बसले, रजिस्टर ओढलं आणि सावकाश, एकेक अक्षर घोटत पावती लिहिली. मी इतके दिवस रडले नव्हते, तिथे उभी राहून रडले. आबांनी रडू दिलं. पावती फाडून माझ्या हातात दिली आणि पुढचे बोल्ट मोजायला घेतले.

गेटवर वॉचमननं पावती मागितली. तो मोठ्यानं वाचायला लागला, कारण त्याला तसंच वाचता येई. "शिक्का नंबर सतरा. मी मोडला. हा नंबर पुन्हा कुणाला देऊ नये." खाली आबांची सही होती, आणि सहीवर त्यांचा स्वतःचा, गुरुवारी उपास करणारा शिक्का. त्या दिवशी गुरुवार होता.